हस्तव्यवसायाचे शिक्षण कोणासाठी?

(बुलढाणा जिल्ह्यातील शिक्षकांसाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या वेळापत्रकात मूलोद्योग, हस्तव्यवसाय, कार्यानुभव अशा निरनिराळ्या नावांनी एक तास गेली ऐंशीहून अधिक वर्षे येत-जात राहिला आहे. त्याचा इतिहास बहुधा योजनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो : अमुक साली समिती बसली, अमुक साली अहवाल आला, अमुक साली अभ्यासक्रम बदलला. हा तपशील आवश्यक आहेच. परंतु या तासाच्या मागे एक सामाजिक प्रश्न उभा आहे आणि तो समजल्याशिवाय योजनांच्या यशापयशाचा उलगडा होत नाही. हातांनी काम करण्याचे शिक्षण नेमके कोणाच्या मुलाला द्यावयाचे? कष्टकऱ्याच्या, की सर्वांच्या?

टकळी तीच, सूत तेच. परंतु सर्व थरांतील मुले एका ओळीत बसून ती फिरवतात तेव्हा तिचा अर्थ एक होतो आणि केवळ गरिबाच्या मुलाला ‘तुझ्यासाठी हेच पुरे’ म्हणून ती दिली जाते तेव्हा त्याच्या नेमका उलट होतो. उद्योगशिक्षणाचा सारा इतिहास या दोन अर्थांच्या ओढाताणीचा इतिहास आहे. बुलढाणा जिल्हा ज्या प्रांताचा भाग होता, त्याच प्रांतात या विचाराला या शतकापूर्वीच्या शतकात सर्वांत स्पष्ट रूप मिळाले. म्हणून या जिल्ह्यातील शिक्षकांना हा इतिहास घरचा वाटावा.

गावगाड्यातील शिक्षण

शाळा नव्हती तेव्हाही उद्योगाचे शिक्षण होते. सुताराचा मुलगा बापाच्या शेजारी बसून आधी लाकूड धरावयास शिके, मग वाकस चालवावयास आणि शेवटी नांगराच्या लाकडाला बाक कोठे द्यावयाचा ते ठरवावयास. लोहाराचा मुलगा भाता ओढता ओढता लोखंडाच्या रंगावरून त्याची उष्णता ओळखू लागे. कुंभाराच्या घरी मातीची पारख, चाकाची गती आणि आव्याची आच यांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. पुस्तक नसलेले, परीक्षा नसलेले, तरीही अत्यंत कसून दिले जाणारे असे हे शिक्षण होते. नांगर मोडला तर शेतकरी दारात येई. त्याहून कडक परीक्षक कोणता असणार?

बुलढाणा जिल्ह्यात या परंपरेच्या खुणा ठायी ठायी आढळतात. देऊळघाट येथे बऱ्या प्रतीचे पोलाद घडवले जात असल्याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरांनी केली आहे. खामगावची चांदी आजही नाव टिकवून आहे. त्या शहराला रजतनगरी म्हणतात ते तेथील व्यापाऱ्यांच्या सचोटीमुळे आणि कारागिरांच्या हातामुळे. धनगरांची घोंगडी, बंजारा तांड्यांवरील स्त्रियांचे भरतकाम, बुरुडांच्या टोपल्या आणि सुपे ही त्याच परंपरेची अंगे होत.

या शिक्षणाचे गुण मान्य करूनही त्याचे दोष झाकून चालणार नाही. पहिला दोष असा की विद्या जन्माने बांधलेली होती. सुताराच्या मुलाला सोनारकाम आवडले तरी त्याला ते शिकता येत नसे आणि चांभाराच्या मुलाने आपले काम सोडावे म्हटले तर त्याला दुसरी वाट नसे. दुसरा दोष असा की ज्याच्या हातावाचून गावाचे पान हलत नव्हते, त्याची प्रतिष्ठा मात्र सर्वांत खालची होती. कामाची गरज सर्वांना, पण काम करणाऱ्याचा स्पर्श काहींना नको, अशी ही विपरीत स्थिती होती. तिसरा दोष म्हणजे हाताची विद्या आणि अक्षराची विद्या यांची कधी गाठच पडली नाही. ज्याला लिहिता येत होते त्याला घडवता येत नव्हते आणि ज्याला घडवता येत होते त्याला लिहिता येत नव्हते. त्यामुळे कारागिराच्या अनुभवाचे शास्त्र झाले नाही आणि शास्त्र्याच्या ज्ञानाला अनुभवाची कसोटी लागली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेचे जे विश्लेषण केले त्याचा एक गाभा हाच आहे. जात केवळ कामे वाटून देत नाही, तर काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते आणि त्यांना वर-खाली लावते, हे त्यांनी दाखवून दिले. उद्योगशिक्षणाचा विचार करताना हा इशारा सतत डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

कापूस गेला, कापड आले

ही जुनी व्यवस्था मोडली ती मात्र समतेच्या आग्रहाने नव्हे, बाजाराच्या रेट्याने. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. काळ्या जमिनीतील कापसावर मँचेस्टरच्या गिरण्यांचा डोळा होता. १८७० साली जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला आणि खामगावची कापसाची पेठ थेट मुंबई बंदराशी जोडली गेली. गाडीतून कापसाचे गठ्ठे गेले. त्याच गाडीतून गिरणीचे स्वस्त कापड आले. कापूस पिकवणाऱ्या मुलखातच विणकराचा माग थंडावला. जे सुताचे झाले तेच थोड्याफार फरकाने लोखंडाचे आणि रंगाचेही झाले.

कारागीर शेतमजूर झाला. त्याच्याबरोबर त्याची विद्याही गेली. कारण ती कोठेही लिहून ठेवलेली नव्हती. ती केवळ हातात होती आणि हात दुसऱ्या कामाला लागले होते.

नव्या शाळा आणि त्यांची मर्यादा

याच काळात नव्या शाळा उघडत होत्या. सरकारी कचेऱ्यांना कारकून, तलाठी आणि शिक्षक हवे होते, म्हणून शाळेत लेखन, वाचन व हिशेब यांवर भर होता. कलाकौशल्याच्या शिक्षणाचे काही प्रयत्न मोठ्या शहरांत झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा उभी राहिली व १८५७ साली तेथे शिकवणे सुरू झाले. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे रंगकाम, विणकाम व यंत्रविद्या शिकवण्याची सोय केली. या संस्थांनी मोलाचे कार्य केले. तथापि खेड्यातील प्राथमिक शाळा त्यांच्या कक्षेबाहेर राहिली.

खेड्यातील त्या शाळेकडे ज्यांनी नेमकेपणाने बोट दाखवले ते जोतीराव फुले होत. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली, प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात शेतीचे मूलभूत ज्ञान असावे असे सुचवले आणि शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून आलेला असावा असा आग्रह धरला. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास ज्याला संकोच वाटणार नाही असा शिक्षक त्यांना हवा होता. या मागणीचे मर्म शिक्षकाच्या वृत्तीत आहे. ज्याला स्वतःच्या हाताने काम करण्याची लाज वाटते तो मुलांना कोणताही उद्योग शिकवू शकणार नाही, हे जोतीरावांनी शासनाच्या आयोगापुढे निःसंदिग्धपणे मांडले.

बुलढाणा जिल्ह्याला या विचाराशी एक विशेष नाते सांगता येते. चिखलीचे पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी १९२७ साली जोतीरावांचे चरित्र प्रसिद्ध केले. जोतीरावांच्या आरंभीच्या सविस्तर चरित्रांत त्याची गणना होते. पुण्यातील सत्यशोधकाचे चरित्र वऱ्हाडातील चिखलीत लिहिले जावे, यावरून येथील बहुजन समाजात शिक्षणाची ओढ किती जागी झाली होती याची कल्पना येते. याच प्रांतात डॉ. पंजाबराव देशमुख यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा व्याप उभा केला. पश्चिम महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवून श्रमाला शिक्षणाचे साधन बनवले. आपल्या जिल्ह्यात खामगावच्या टिळक राष्ट्रीय विद्यालयाने राष्ट्रीय शिक्षणाच्या प्रवाहात कलेला स्थान दिले.

स्त्रियांच्या बाबतीत हा इतिहास थोडा वेगळा आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात आणि रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनात निराधार स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे करणे हा उद्योगशिक्षणाचा हेतू होता. शिवण, विणकाम, छपाई, परिचर्या या कामांनी अनेक स्त्रियांना मानाचे जीवन दिले. परंतु पुढे ‘मुलींसाठी शिवण, मुलांसाठी सुतारकाम’ अशी वाटणी शाळांत रूढ झाली आणि जातीच्या भिंतीजागी दुसरी भिंत उभी राहिली, हेही नमूद केले पाहिजे.

वर्ध्याची योजना

१९३७ साली प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली. त्या वर्षी २२ व २३ ऑक्टोबर रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, मुलाच्या परिसरातून निवडलेला उत्पादक उद्योग हा शिक्षणाचा मध्यबिंदू आणि त्या उत्पादनातून क्रमाक्रमाने शिक्षकाच्या वेतनाचा भार हलका होणे, या चार गोष्टी परिषदेने मान्य केल्या. अभ्यासक्रम आखण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, श्रीकृष्णदास जाजू, जे. सी. कुमारप्पा, आर्यनायकम् व आशादेवी हे तिच्या सदस्यांपैकी होते.

समितीने सुचवलेले वेळापत्रक आज वाचताना विस्मय वाटतो. शाळेच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी. संगीत, चित्रकला व गणित यांसाठी ४० मिनिटे. मातृभाषेसाठी ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांसाठी ३० मिनिटे. व्यायामासाठी १० व मधल्या सुटीसाठी १० मिनिटे. वर्षात शाळेचे २८८ दिवस. हे वेळापत्रक पाहून अनेकांना वाटले की शाळेचा कारखाना होणार. परंतु समितीचा आशय निराळा होता. उद्योगाचे तीन तास हे भाषा, गणित आणि विज्ञान यांना वजा करून काढलेले नव्हते; त्या विषयांनी उद्योगाच्या आतच शिरावयाचे होते. यालाच समवाय पद्धती म्हटले गेले.

कापूसपट्ट्यातील शाळेच्या दृष्टीने ही पद्धती अशी दिसेल. मुलांनी कापूस वेचला, सरकी काढली, पिंजून पेळू केले आणि सूत काढले. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लट आणि चार लटींची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. गुंडीत सूत किती लांब, हे विचारले की २,५६० फूट हे उत्तर मुलाला गुणाकार करून काढावे लागते. त्याचे वार करताना भागाकार येतो आणि बाकीही उरते. एकाच वजनाच्या दोन पेळूंतून एकाने जास्त तार काढली व दुसऱ्याने कमी, असे झाले की सुताचा नंबर म्हणजे काय ते समजते. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत कापूस पिकतो आणि घाटावरच्या मुरमाड उतारावर तसा का येत नाही, हा भूगोल झाला. सरकीतील तेल आणि ढेप हे विज्ञान झाले. खामगावच्या पेठेतून कापूस कोठे गेला आणि त्याचे कापड होऊन कोणत्या भावाने परत आले, हा इतिहास आणि अर्थशास्त्र दोन्ही झाले. मुलाच्या हातात तंतू आहे आणि त्या तंतूला धरून तो जगापर्यंत जातो, ही या कल्पनेची थोरवी होती.

याच प्रांताच्या शासनाने जोडीला विद्यामंदिर योजना आणली. मध्यप्रांत व वऱ्हाडचे तत्कालीन शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांची ही योजना. गावाने शाळेला जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी आणि शेती हेच तेथील शिक्षणाचे केंद्र असावे, असा तिचा आराखडा होता. शिक्षक तयार करण्यासाठी वर्धा येथे १९३८ साली प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनात वर्ध्याच्या शिक्षणतत्त्वांना मान्यता मिळाली आणि हिंदुस्तानी तालीमी संघाचे कार्य सुरू झाले. परंतु विद्यामंदिर या नावावरून मुस्लिम समाजातील अनेकांनी हरकत घेतली, मतभेद वाढले आणि १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर योजनेचा आधारच गेला. लोकांना सोबत घेतल्याशिवाय शाळेचा पाया बसत नाही, हा या प्रसंगाचा धडा होय.

दोन आक्षेप

वर्ध्याच्या विचारावर दोन गंभीर आक्षेप घेतले गेले आणि ते आजही तेवढेच विचारार्ह आहेत. पहिला आक्षेप स्वावलंबनाचा. मुलांच्या श्रमातून शिक्षकाचे वेतन निघावे असे म्हटले की शिक्षकाचे लक्ष मुलाच्या शिकण्यावरून मालाच्या संख्येवर जाते. शाळेच्या नावाखाली बालमजुरी येते आणि मुलांचा माल गावातील कारागिराच्या पोटावर पाय देतो. प्रा. के. टी. शहा यांनी वर्ध्याच्या परिषदेतच अशा शंका मांडल्या होत्या. पुढील अनुभवाने या शंका रास्त ठरवल्या. मुलांच्या हातचे सूत असमान निघे, कापूस वाया जाई आणि विक्रीचा हिशेब जमत नसे. उत्पादनाला शिक्षणात स्थान आहे. शिक्षणाचा खर्च भागवणे हे मात्र मुलाचे काम नव्हे, ते समाजाचे काम आहे.

दुसरा आक्षेप जातीचा. तो वर्ध्याच्या योजनेपेक्षा तिच्या विकृतीला अधिक लागू पडतो. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली. शाळांची व शिक्षकांची टंचाई हे तिचे एक कारण होते. परंतु न्हाव्याच्या मुलाने न्हाव्याचे आणि धोब्याच्या मुलाने धोब्याचेच काम शिकावयाचे काय, असा संतप्त प्रश्न उभा राहिला. पेरियार रामस्वामी यांच्या चळवळीने या योजनेला कडवा विरोध केला आणि १९५४ साली ती मागे घेण्यात आली.

वर्धा आणि मद्रास येथील या दोन योजना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे आजच्या विषयाचे सार हाती लागते. दोन्हींत हाताचे काम होते. परंतु वर्ध्याच्या कल्पनेत ब्राह्मणाचा मुलगा, कुणब्याचा मुलगा आणि महाराचा मुलगा एकाच चरख्याजवळ बसणार होते. कामाची जन्माशी असलेली गाठ तेथे सुटत होती. मद्रासच्या योजनेत ती गाठ आणखी घट्ट होत होती. उद्योगशिक्षण पुरोगामी की प्रतिगामी हे उद्योगावरून ठरत नाही. ते कोण शिकतो यावरून ठरते.

तास का ओसरला

स्वातंत्र्यानंतर बुनियादी शिक्षण हे राष्ट्राचे धोरण म्हणून स्वीकारले गेले. महाराष्ट्रातील अनेक गावांच्या शाळांवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ अशी पाटी आजही दिसते. ती त्याच काळाची खूण. तरीही पाटी राहिली आणि टकळी माळ्यावर गेली, असे का झाले?

पहिले कारण शिक्षक. समवायासाठी उद्योगात प्रवीण आणि विषयातही निष्णात असा शिक्षक लागतो. अल्प मुदतीच्या प्रशिक्षणातून तो तयार होणे शक्य नव्हते. परिणामी उद्योगाचा तास वेगळा आणि गणिताचा तास वेगळा झाला; मग सूत काढणे हे निर्बुद्ध काम होऊन बसले. दुसरे कारण साहित्य. पेळू वेळेवर नाहीत, करवतीला धार नाही, लाकूड नाही, अशी अवस्था असे. तिसरे कारण परीक्षा. ज्या विषयाचे गुण मॅट्रिकला मोजले जात नाहीत त्याला पालक आणि विद्यार्थी किती काळ महत्त्व देणार?

चौथे कारण मात्र सर्वांत मोठे आहे. बुनियादी शाळा बहुतांशी खेड्यांत निघाल्या. शहरातील प्रतिष्ठित शाळा जुन्याच वळणाने चालू राहिल्या. खेड्यातील शेतकऱ्याने हे पाहिले आणि त्याने सरळ निष्कर्ष काढला की ज्या शिक्षणाने साहेब होता येते ते शहरात आहे आणि आपल्या मुलाला मात्र पुन्हा माती आणि सूतच दिले जात आहे. त्याचा हा संशय अज्ञानातून आलेला नव्हता. समतेचे साधन म्हणून आणलेली टकळी केवळ त्याच्याच मुलाच्या हाती आली तेव्हा ती विषमतेची खूण ठरली. शेतकऱ्याने टकळी नाकारली ती श्रमाच्या तिरस्कारामुळे नव्हे, अन्याय ओळखल्यामुळे.

पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची कल्पना मांडली आणि ती प्राथमिकपासून माध्यमिकपर्यंत सर्व शाळांना लागू असावी असे सुचवले. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हा शब्द दिला. शब्द बदलले, हेतू चांगलेच होते. तथापि बऱ्याच ठिकाणी कार्यानुभव म्हणजे बाजारातून आणलेली शोभेची वस्तू आणि वहीतील शेरा एवढ्यावर निभावले गेले.

दुसरीकडे १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांत शिकण्याची सोय झाली. बुलढाणा, खामगाव यांसारख्या ठिकाणच्या प्रशिक्षण संस्थांनी जोडारी, तारतंत्री, यंत्र कारागीर अशा व्यवसायांत असंख्य तरुणांना उभे केले. जातीने ज्या कामाचे दार बंद ठेवले असते ते प्रमाणपत्राने उघडले, हे या संस्थांचे सामाजिक ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु ‘दहावीला गुण कमी पडले म्हणून तिकडे’ ही समाजाची भाषा काही बदलली नाही. हाताचे काम हा अजूनही दुसऱ्या पसंतीचा मार्ग मानला जातो.

आजची संधी

निराश होण्याचे मात्र कारण नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशा चार अंगांचे काम मुले-मुली दोघांनीही करावयाचे, कामातून विज्ञान शिकावयाचे आणि गावाला उपयोगी पडेल अशी सेवा द्यावयाची, हे त्याचे सूत्र. मुली वेल्डिंग करतात आणि मुले स्वयंपाकातील पोषणमूल्ये मोजतात, तेव्हा जुन्या दोन्ही भिंती एकदम खचतात. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने हा अभ्यासक्रम राज्यातील इतर शाळांतही पोचला. सेवाग्राम येथे बंद पडलेली नई तालीमची शाळा २००५ साली आनंद निकेतन या नावाने पुन्हा सुरू झाली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम अशा उद्योगांचा अनुभव द्यावा आणि त्यासाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकण्यास द्यावेत असे म्हटले आहे. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेने अठरा पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षण, अवजारे आणि कर्ज यांची सोय केली. या दोन गोष्टी एकत्र आणल्या तर कारागीर हा केवळ लाभार्थी राहणार नाही. तो शाळेचा गुरुजी होईल.

बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत या कामाला साहित्याची वाण नाही. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या खारपाणपट्ट्यातील शाळेने पाण्याचा क्षार मोजावा, छपरावरचे पावसाचे पाणी साठवण्याची टाकी गवंड्याच्या हाताखाली बांधावी. मलकापूर-नांदुऱ्याच्या शाळेने कापसापासून सुतापर्यंतची सारी साखळी मुलांना हाताळू द्यावी. खामगावच्या शाळेत चांदीच्या कारागिराने तोळा-मासा आणि कस यांचे गणित सांगावे. मेहकर-लोणारच्या शाळेत तांड्यावरील आजीने भरतकामातील आकृत्या शिकवाव्यात. त्यांत भूमिती ओतप्रोत भरली आहे. ठिबकची नळी जोडणे, पंपाची मोटर उघडून पाहणे, शाळेचे मोडलेले बाक दुरुस्त करणे, ही आजची टकळी होय. कारागिराला या शिकवण्याचे मानधन मिळावे, त्याचे नाव शाळेच्या फलकावर शिक्षकांबरोबर लिहिले जावे आणि त्याला खुर्ची दिली जावी. मुले जे पाहतील तेच शिकतील.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. पश्चिम विदर्भातील शेतीच्या दुरवस्थेला उद्योगशिक्षण हे औषध आहे असा आभास कोणी निर्माण करू नये. भाव, पाणी, कर्ज हे प्रश्न शाळेच्या कार्यशाळेत सुटणारे नाहीत. शाळा एवढेच करू शकते की शेतकऱ्याच्या मुलाला एकाहून अधिक वाटा दिसतील आणि त्यांपैकी कोणतीही वाट धरताना त्याला कमीपणा वाटणार नाही. हेही थोडे नाही.

म्हणून शाळेत हा तास सुरू करताना प्रत्येक मुख्याध्यापकाने तीन प्रश्न विचारावेत. पहिला : हे काम शाळेतील प्रत्येक मूल करते काय, डॉक्टरांचा मुलगा, सरपंचांची मुलगी आणि गुरुजींची स्वतःची मुलेही? दुसरा : या कामातून मुलाला भाषा, गणित, विज्ञान यांतील काही नवे कळले काय, की केवळ हात दुखले? तिसरा : शाळेतील झाडू, पाणी आणि दुरुस्तीची कामे नेहमी त्याच मुलांच्या वाट्याला तर येत नाहीत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘येतात’ असे असेल, तर तेथे उद्योगशिक्षण सुरू झालेले नाही. जुना गावगाडाच शाळेत शिरला आहे. आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर साधने थोडी असोत, जागा अपुरी असो, १८८२ साली जोतीरावांनी मागितलेला शिक्षक त्या गावाला मिळाला आहे असे खुशाल समजावे.